बंद करू नये

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला की मी आधी डबा भरायला घेते आणि मग फोन उचलते. सुट्टीसाठी बंद केलेली यंत्रं सुट्टी संपल्यावर उठत नाहीत, यावरच माझं पोट चालतं. कारखान्यांची नेटवर्कं दुरुस्त करणं हा माझा धंदा. गुलमंडीत एका कापडाच्या दुकानावर माझी खोली आहे आणि शेंद्र्याच्या चार-दोन कारखान्यांना अडलं की माझी आठवण येते. सगळं सुरळीत चालू असताना 'तनुजाताई, चहाला या' असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

त्या सकाळी फोन कय्युमचा होता. शेंद्र्याच्या एका कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग बनतात, तिथं तो सिस्टिमचं काम बघतो. नोकरीला लागून वर्ष व्हायचं होतं, म्हणजे अजून कायम नव्हता. त्यानं सांगितलं की तपासणी विभागातली निम्मी मशिनं उठत नाहीत, त्यामुळं माल तपासून बाहेर जात नाही, आणि आप्पासाहेब त्याच्याशी बोलायचे बंद झालेत. आप्पासाहेब तिथले व्यवस्थापक. हा माणूस ओरडत असतो तोवर काळजी नसते, गप्प झाला की पाणी डोक्यावरून गेलं असं समजायचं. मी स्कूटर काढली.

ही मशिनं म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिथं प्रत्येक टेबलावर फक्त पडदा आणि कळफलक आहे, मागचा संगणक खरा नाही. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात असे वीसेक संगणक मांडलेत, एकाच घरात चुली वेगळ्या केलेल्या भावांसारखे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यांच्यापाशी स्वतःचं काही साठवलेलं नसतं. चालू झालं की असं मशीन नेटवर्कवर हाक मारतं, की मी जागं झालंय, माझा पत्ता काय आणि माझ्या कामाची फाईल कुणाकडं आहे. त्या हाकेला एक सर्व्हर ओ देतो, पत्ता देतो, फाईल देतो आणि मशीन कामाला लागतं. ही सगळी मांडणी कय्युमनं केली होती आणि मन लावून केली होती.

कारखान्याच्या दाराला झेंडूचं तोरण होतं आणि उंबऱ्याशी फोडलेल्या कोहळ्याचे डाग होते. खंडेनवमीला तिथं दरवर्षी यंत्रांची पूजा होते. प्रेसपासून वजनकाट्यापर्यंत प्रत्येकाला हळदकुंकू लागतं, हार पडतो, आरती होते आणि दसरा उलटेपर्यंत पूजेतल्या वस्तूला कुणी हात लावत नाही. मी त्या पूजेला नव्हते, मला फक्त तिच्या खुणा दिसत होत्या.

आत गेल्या गेल्या मला तीन जणांनी एकच गोष्ट सांगितली. कय्युम आरतीला थांबला नव्हता. सगळी मशिनं बंद करून तो आधीच निघून गेला, म्हणजे शेवटचा हात त्याचाच. त्याच्या आईचं, मुनिराबींचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या दिवशी होतं आणि आप्पासाहेबांनीच त्याला जायला सांगितलं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. पण ते कुणी बोललं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची घाई असली की माणसं आपल्याला सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतात.

आप्पासाहेबांनी सकाळीच पुण्याच्या मुख्य कचेरीला कळवून टाकलं होतं की नव्या मुलाची मांडणी फेल गेली. तिकडून निरोप आला होता की तनुजाताईंकडून नेमकं कारण घ्या, चूक त्याची असेल तर त्याला आजच मोकळा करा. हे त्यांनी मला खिडकीबाहेर बघत सांगितलं. कय्युम शेजारीच उभा होता.

मी नेहमीच्या क्रमानं सुरुवात केली. मशीनचं नेटवर्क कार्ड योग्य जाळ्याला जोडलंय का, बघितलं. पत्ता देणारी सेवा चालू होती. फाईल जागेवर होती. सुट्टीत कुठलं अपडेट आपसूक बसलं नव्हतं. कय्युमनं हे सगळं पहाटेपासून दोनदा तपासलं होतं, तरी मी म्हणेन ते तो न कुरकुरता परत करून दाखवत होता. घाबरलेला माणूस एकतर फार बोलतो नाहीतर फार ऐकतो.

मग मी एकच मशीन घेतलं आणि बंद-चालू करत बसले. एकदा उठलं. पुढच्या वेळी अडकलं. परत अडकलं, मग उठलं. मध्ये कुणी काही बदललं नव्हतं. मशीन बिघडलं असेल तर ते बिघडलेलंच राहतं, असं मनाला येईल तेव्हा बरं होत नाही. यात एक गोम आहे. हाक मारणारं मशीन ओ देणाऱ्याला ओळखत नाही, जो आधी ओ देईल त्याच्या मागं ते जातं. म्हणजे इथं हाकेला दोघं ओ देत होते आणि त्यातला एक परका होता.

अडकलेल्या मशीनला कोणता पत्ता मिळाला ते मी पडद्यावर वाचलं आणि माझा हात कळफलकावर तसाच राहिला. ते आकडे मी ओळखत होते. या कारखान्याचं पहिलं नेटवर्क बद्रीनाथनं उभं केलं होतं. पॉलिटेक्निकला तो मला दोन वर्षं पुढं, आणि तेव्हापासून त्याची एक खोड होती. पत्त्यांची सुरुवात तो कधीच एकपासून करायचा नाही, आपल्या पहिल्या सायकलच्या क्रमांकापासून करायचा. आम्ही त्याला त्यावरून फार पिडायचो. बद्रीनाथ गेल्या उन्हाळ्यात याच कारखान्याच्या जिन्यात छातीत कळ येऊन गेला. आता त्याचे आकडे पडद्यावर होते.

"मॅडम, काय झालं?" कय्युमनं विचारलं.

"बद्रीनाथचा जुना सर्व्हर कुठं आहे?" मी म्हटलं.

तो म्हणाला, तो तर केव्हाचा बंद आहे, त्यांच्या जुन्या केबिनमध्ये. मी सर्व्हर रूममधल्या स्विचवर ती परकी ओ कुठल्या वायरीतून येतेय ते शोधलं. ती वायर भिंतीतून थेट जुन्या केबिनला गेली होती. आम्ही सकाळभर सर्व्हर रूम पालथी घातली होती, आणि दुखणं दोन दारं सोडून कुलपात बसलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

आप्पासाहेबांनी स्वतः किल्ली आणली. दार उघडलं तसा कापराचा आणि शिळ्या झेंडूचा वास आला. बद्रीनाथच्या टेबलावर त्याचा सर्व्हर घूं-घूं करत चालू होता. वर हळदकुंकू, सुकत आलेला हार आणि तांदळाचे दाणे. समोरच्या पत्र्यावर त्याच्या तिरप्या अक्षरातली जुनी चिठ्ठी चिकटवलेली होती: बंद करू नये. बाकी काही काम नसल्यामुळं तो सर्व्हर प्रत्येक हाकेला तत्परतेनं ओ देत होता, जुना पत्ता देत होता आणि त्याच्याकडं नसलेल्या फाईलकडं बोट दाखवत होता. पुष्कळदा त्याचीच ओ नव्या सर्व्हरच्या आधी पोचत होती.

मी मागची नेटवर्कची वायर ओढली. सर्व्हर चालूच राहिला, पण आता त्याला कुणाची हाक ऐकू येत नव्हती. कय्युम धावत तपासणी विभागात गेला. थोड्या वेळात सगळी मशिनं उठल्याचा गलका ऐकू आला. आप्पासाहेब मात्र खुर्चीवर बसले होते, बद्रीनाथच्याच खुर्चीवर, आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

मी विचारलं, हा कुणी चालू केला.  त्यांनी सगळं सांगितलं. बद्रीनाथच्या मागं त्याच्या बायकोला, सुलेखाला, कारखान्यानं डिस्पॅचमध्ये नोकरी दिली होती. या खंडेनवमीला आप्पासाहेबांनी ठरवलं की बद्रीनाथच्या मशीनची पूजा तिच्याच हातून करायची. पॅकिंगमध्ये आशाबाई आहेत, कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या. पूजेचं ताट दरवर्षी त्या लावतात. सवाष्णींचं काम सवाष्णीनं करावं, एवढंच त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. आप्पासाहेबांनी तरीही सुलेखाला पुढं केलं. मशीन चालू करून पूजायची तिथली रीत, म्हणून तिनं बटण दाबलं. आरतीनंतर तिनं विचारलं की बंद करू का.

"मीच म्हणलो, पूजेतलं हाय, असू द्या," आप्पासाहेब म्हणाले. "दसरा झाल्यावर बंद करू म्हणलं आन् विसरलो. पण ताई, हे बाहेर गेलं तर लोक माझं नाव नाय घेणार. म्हणतील विधवेच्या हातून पूजा केली आन् कारखाना बंद पडला. परत त्या बाईला कुणी हळदकुंकवाच्या ताटापाशी उभं करणार नाय. तुम्ही मांडणीत दोष व्हता असं सांगा. कय्युमला मी दुसरीकडं लावून देतो."

त्यांनी हे वाईट बुद्धीनं म्हटलं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. दुष्ट माणसाला चार शब्द सुनावता येतात. एका बाईचा मान राखायला एका पोराचा मान विकायचा, आणि स्वतः मात्र मधल्यामध्ये सुखरूप राहायचं, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. 

कय्युम दारात येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याच्या हातात पेचकसांची निळी पेटी होती, ती बद्रीनाथची. तो नोकरीला लागला त्या आठवड्यात सुलेखानं ती घरून आणून त्याला दिली होती, की पडून राहण्यापेक्षा कुणाच्या हाती लागू दे. तो म्हणाला, "मॅडम, माझंच नाव सांगा. मला दुसरी नोकरी मिळंल. सुलेखाभाभींनी काय करायचं?"

आता तर माझं डोकंच फिरलं. दोघंही भले आणि दोघंही एका बाईचं परस्पर ठरवून मोकळे झालेले. तिला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मी दोघांना तिथंच सोडलं आणि डिस्पॅचला गेले.

सुलेखा खोक्यांवर चिठ्ठ्या लावत होती. मला बघून तिनं हात पुसले. बद्रीनाथ गेल्यावर मी एकदाच तिच्या घरी गेले होते, त्यानंतर एखाद-दुसऱ्या फोनपलीकडं आमचं बोलणं नव्हतं. मी तिला बाजूला घेतलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. जुनं मशीन चालू राहिलं, त्यानं मशिनांना भलतीकडं पाठवलं, लोक कय्युमला धरताहेत आणि तुझं नाव निघू नये म्हणून तो ते अंगावर घ्यायला तयार आहे.

तिनं एका खोक्याची पट्टी नखानं दाबली. मग म्हणाली, "सगळे वहिनी म्हणतात, मला कुणी टाकून बोलत नाय इथं, हे खरंय. पण मी काय केलं ते तरी ऐका. बटण दाबलं आन् तो आवाज सुरू झाला. हे इथून फोन करायचे ना, तेव्हा मागं हाच आवाज असायचा. जेवायला येतो म्हणायचे, आन् मागं घूं-घूं. मी चटकन हात मागं घेतला. मग यांचं अक्षर दिसलं, बंद करू नये. घरात यांचं अक्षर आता गॅसच्या कार्डापुरतं उरलंय. आप्पासाहेब असू द्या म्हणले, तर मला लई बरं वाटलं ताई. म्हणलं, राहू दे दोन दिवस."

 मी नेटवर्कं दुरुस्त करते, असल्या गोष्टींचं मला काही येत नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं की तू म्हणशील तसं करू.

"त्या पोराची नोकरी जाईल?"

"आज संध्याकाळी."

तिनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा खाली ठेवला, पदर खोचला आणि निघाली.

जेवणाची सुट्टी झाली होती. तपासणी, पॅकिंग, प्रेस, सगळे शेडमध्ये डबे उघडून बसले होते. सुलेखा मधोमध जाऊन उभी राहिली. तिला असं उभं राहायची सवय नव्हती, तिची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करत होती. पण आवाज सगळ्यांपर्यंत पोचला.

"सकाळची मशिनं कय्युममुळं बंद नव्हती. यांचं जुनं मशीन मी पूजेला चालू केलं, ते तसंच राहिलं, त्यानं घोळ झाला. वायर काढली की सगळं सुरू झालं. आता तुम्हाला जे म्हणायचं ते मला म्हणा, माझ्या तोंडावर म्हणा."

 हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला गेल्या. आशाबाई भिंतीला टेकून भाकरी खात होत्या. त्यांनी घास संपवला, तांब्यातलं पाणी प्यायल्या, हात धुतला. मी मनात म्हटलं, आता ही बाई हिला उभी चिरणार. मी दोन पावलं पुढंही झाले.

आशाबाईंनी सुलेखाला विचारलं, "उत्तरपूजा कुणी केली?"

सुलेखाला काही कळेना. आशाबाईंनी तोच प्रश्न सगळ्या शेडला विचारला. आज सकाळी प्रेसवर अक्षता टाकून प्रेस हलवला, काटा हलवला, मग कामं सुरू केली. त्या मशीनची उत्तरपूजा कुणी केली का? कुणीच केली नव्हती. केबिनला कुलूप होतं, कुणाला आठवणही नव्हती.

"मंग पूजा चुकली कुठं?" आशाबाई म्हणाल्या. "हिनं मांडली ती नीट मांडली, मी बघितलं दारातून. उठवायची आपण सगळ्यांनी व्हती. मांडलेलं तसंच ठिवून गेलो, तर ते आपलं काम करत राहणारच. यात हिचं कुंकू कशाला आणायचं?" मग त्या कय्युमकडं वळल्या आणि त्याच सुरात म्हणाल्या, "आन् तू आरतीला नव्हता म्हणून मी पण बोलले सकाळी. आईचा डोळा कसाय?"

कय्युम म्हणाला, बरा आहे. 

आप्पासाहेब शेडच्या टोकाला उभे होते. त्यांनी तिथूनच, सगळ्यांसमोर, पुण्याला फोन लावला आणि सांगितलं की सकाळी मी घाईनं चुकीचं कळवलं, मुलाच्या मांडणीत दोष नाही, जुनं मशीन चालू ठेवा असं मीच म्हणालो होतो. पलीकडून बरंच काही ऐकून घ्यावं लागलं असावं. ते फक्त 'होय साहेब' म्हणत राहिले. त्या माणसाबद्दलचा माझा राग तेव्हा निम्मा उतरला, सगळा अजून उतरलेला नाही.

आशाबाई पॅकिंगमधून पूजेचं ताट घेऊन आल्या. मला वाटलं पुढं होऊन त्याच करतील. त्यांनी ताट सुलेखापुढं धरलं. सुलेखानं एकदा त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि ताट घेतलं.

केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. वायर काढलेला सर्व्हर तसाच घूं-घूं करत होता. कय्युमनं हलक्या हातानं चिठ्ठी सोडवून सुलेखाला दिली, तिनं ती घडी न घालता पर्समध्ये ठेवली. मग तिनं हळदकुंकू वाहिलं, चिमूटभर अक्षता टाकल्या आणि दोन्ही हातांनी मशीन जरासं सरकवलं. हे सगळं तिला येत होतं, कुणाला सांगावं लागलं नाही.

आशाबाई सवयीनं पुटपुटल्या, "पुनरागमनाय च. पुन्हा या म्हणायचं असतं."

"यांना नाय म्हणत," सुलेखा म्हणाली.

आशाबाईंनी मान हलवली आणि डोळ्यांना पदर लावला. सुलेखानं बटणावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. मी तिला सांगणार होते की थोडा वेळ धरावं लागतं, पण तिनं ते सोडलं नाही. पंख्याचा आवाज खाली खाली आला आणि थांबला. त्यानंतरही तिचं बोट बटणावरच होतं, आणि आम्ही कुणीच तिला घाई केली नाही.